माळ एका दिवसाची, वारी आयुष्याची

रविवारी सकाळी वाशीहून सुटलेली हार्बर लाइनची गाडी खाडीपुलावर आली की डब्यात जरा नजर फिरवावी. चेनच्या कव्हरात जपलेलं जाडसं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली एखादी आजी दिसते. शेजारी चापून भांग पाडलेला, कडक इस्त्रीतला नातू. ही माणसं उपासनेला निघालेली असतात. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली १९७० साली. आगरी-कोळी गावठाणं सोडली, तर या शहरात जे काही आहे ते बहुतेक दुसरीकडून आलेलं आहे, देवसुद्धा. केरळ-तामिळनाडूकडच्या कुटुंबांनी आपापल्या भाषेतली उपासना आणली. नगर, जालना, सोलापूर या बाजूंनी आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी पेटी-तबल्यावर म्हणायची भजनं आणली.

ही भजनं पहिल्यांदा ऐकणारा चक्रावतो. नाव प्रभू येशूचं, पण चाल, ठेका, आर्जव सगळं वारकऱ्याचं. यातली कितीतरी रचली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता ज्यांच्या नावावर आपण शाळेत पाठ केली, तेच हे टिळक. जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. चित्पावन कुळ, संस्कृतचा व्यासंग, आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी बाप्तिस्मा.

त्या बाप्तिस्म्याची सुरुवातही रेल्वेच्या डब्यातच झाली होती. १८९३ साली टिळक राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. गप्पा रंगल्या. उतरण्याआधी त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि सांगितलं, की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. तो गृहस्थ टिळकांच्या ओळखीचा नव्हता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षं भरली होती.

गोष्ट इथे संपवली तर ती चमत्काराची होते. मला मात्र थक्क करतं ते पुढचं. टिळकांना ख्रिस्ती व्हायला दोन वर्षं लागली, पण ख्रिस्ताचा शिष्य होणं म्हणजे काय हे शोधायला आणखी चोवीस वर्षं, म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. आणि या एकट्याच माणसाचं असं झालं नाही. महाराष्ट्रातल्या धर्मांतरांच्या कथा एकापुढे एक मांडल्या, तर जवळजवळ प्रत्येक कथेत हेच दिसतं: क्षण लहान, वाट लांब.

शिकाऊ माणूस

मराठी वाचकाला हे समजायला नव्या कराराची ग्रीक यायची गरज नाही. तुळशीची माळ एका दिवसात गळ्यात पडते. पण माळकरी झालेला माणूस लगेच वारकरी होत नाही. त्यासाठी पायी चालावं लागतं, पुन्हा पुढच्या आषाढीला चालावं लागतं, पायाला फोड येतात, संगत मिळते, अभंग तोंडी बसतात, आणि कधीतरी बऱ्याच वर्षांनी लक्षात येतं, की चालणं हाच आपला स्वभाव झालाय.

तरी ग्रीक शब्दाकडे एकदा पाहण्यासारखं आहे. बायबलच्या नव्या करारात येशूच्या अनुयायांसाठी सर्रास येणारा शब्द आहे ‘मॅथेटेस’. अर्थ साधा: शिकणारा, शिकाऊ. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू जी आज्ञा देतो, ती लोकांना शिष्य करण्याची आहे. बाप्तिस्मा त्या आज्ञेत येतो, आणि त्याला लागूनच शिकवणं येतं. म्हणूनच प्राचीन रोमी मंडळीच्या परंपरेत बाप्तिस्मा मागणाऱ्याला तीन-तीन वर्षं उमेदवारी करावी लागे. ऐकायचं, शिकायचं, आणि जगण्यात काही फरक पडतो का हे इतरांनी पाहायचं.

झटक्यात झालेल्या धर्मांतराचं सर्वांत गाजलेलं उदाहरण पौलाचं. दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश चमकला आणि शौल जमिनीवर पडला. चित्रकारांनी तो क्षण शेकडो वेळा रंगवला. पण पौल स्वतःच्या पत्रात लिहितो, की त्यानंतर तो अरबस्तानात गेला आणि यरुशलेमेत पेत्राला भेटायला तीन वर्षांनी पोचला. ती तीन वर्षं कोणी रंगवली नाहीत. काहीही न चमकणारी वर्षं रंगवायची तरी कशी?

खाडीच्या पलीकडचे पस्तीस जण

ऐरोलीच्या किनाऱ्यावरून समोर ठाणं दिसतं. १३२१ साली त्या किनाऱ्याला चार फ्रान्सिस्कन साधू लागले. सोबत जॉर्डानुस नावाचा एक डॉमिनिकन होता. ठाण्यात तेव्हाही ख्रिस्ती होतेच. नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं असल्याची नोंद ओडोरिक या प्रवाशाने करून ठेवली आहे. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या सुमारे दोनशे वर्षं आधी आपल्या या खाडीकाठी येशूचं नाव घेतलं जात होतं!

जॉर्डानुस बाहेरगावी गेला असताना ठाण्यात धर्मचर्चेतून वाद पेटला आणि चारही साधू मारले गेले. जॉर्डानुसने परत येऊन त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि एकटाच मागे राहिला. त्याच्या पत्रात एक आकडा येतो: ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान बाप्तिस्मा घेतलेले पस्तीस जण. हे पस्तीस जण कोण होते? त्यांना पुढे कोणी शिकवलं? त्यांच्या नातवंडांनी कोणाची प्रार्थना केली? इतिहास इथे गप्प आहे. बाप्तिस्म्याची नोंद राहिली, शिष्यपणाची राहिली नाही. मिशनच्या इतिहासाची ही जुनी खोड आहे. पाण्याचा हिशेब लिहिला जातो, पावलांचा नाही.

‘आता वाचायचं काय?’

दोन-अडीचशे वर्षांनी पोर्तुगिजांच्या गोव्यात हा प्रश्न फार टोकदारपणे उभा राहिला. तिथलं धर्मांतर सत्तेच्या धाकाखाली झालं. देवळं पाडली गेली, जुन्या पोथ्यांवर बंदी आली. अशा वेळी फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्याला आला आणि तिथल्या साष्टीच्या गावांत राहिला. त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’त एक प्रसंग आहे. नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण गुरूला विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही काढून घेतलीत, मग आता त्यांच्या जागी आम्ही वाचायचं काय?

केवढा खरा प्रश्न आहे! बाप्तिस्मा रविवारी झाला, पण सोमवारी संध्याकाळी दिवेलागणीला ओसरीवर बसून माणसाने करायचं काय? देव बदलला म्हणून कानांची सवय बदलत नाही. पुराण ऐकत झोपी जाणाऱ्या घराला पुराणच हवं असतं.

स्टीफन्सने ते दिलं. १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं: सुमारे अकरा हजार ओव्या, आदामापासून येशूपर्यंतची कथा, मराठीत, आपल्या पुराणांच्या घाटात. त्यातल्या मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या आजही पाठ्यपुस्तकांतून भेटतात. आणखी एक गंमत अशी, की हा मराठी ग्रंथ छापला गेला रोमन लिपीत. शिष्यांना शिकवायला निघालेल्या गुरूला आधी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या भाषेची शिकवणी धरावी लागली, ती इतकी मुरली की त्याचं नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कायमचं बसलं.

वसईकडचं कोडं याहून नवलाचं. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज राजवट गेली, तिचं पाठबळही गेलं. सक्तीने आलेलं सक्तीबरोबर जायला हवं होतं. ते गेलं नाही. वसईची ख्रिस्ती वस्ती टिकली. सामवेदी बोली टिकली, लग्नातली गाणी टिकली, चर्चमधला सणही टिकला. तोवर दोनशे वर्षं लोटली होती. धर्म कोणी लादला होता हे विसरलं गेलं होतं; तो आता आजीकडून आलेला होता, आणि आजीकडून आलेलं माणूस सहजासहजी सोडत नाही.

आधी मिशनरी विद्यार्थी झाला

फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोसे होते. व्यापारात धर्माची कटकट कशाला? त्यांना परत पाठवायचे हुकूम निघाले. त्याच वर्षी कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण होताना मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि हे दोघे टिकले. पुढे त्यांच्या मिशनलाच ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणू लागले. नावातच भाषा आहे.

हॉल मुंबईच्या रस्त्यांवर, देवळांच्या आवारात मराठीतून बोलत असे. मोल्सवर्थचा कोश यायला अजून अठरा वर्षं होती. चुकत, हसं करून घेत, पंतोजींच्या मदतीने शिकायचं. तेरा वर्षांनी, मार्च १८२६ मध्ये, नाशिक-त्र्यंबककडून परतताना पटकीने तो वाटेतच गेला. त्या भागात पटकीची साथ होती आणि जवळची औषधं तो रोग्यांना वाटून बसला होता. धर्मांतरितांच्या आकड्यांत त्याचं आयुष्य मोजायचं तर पदरात फारसं काही पडत नाही.

आकड्यांबाहेर पाहिलं तर मात्र डोळे विस्फारतात. याच मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅमच्या हाताखाली टाइप घासणारा एक गरीब मुलगा होता, जावजी दादाजी. त्याने पुढे ‘निर्णयसागर’ काढला. देशभरच्या पंडितांनी ज्या सुबक देवनागरीत वेद, काव्यं आणि शास्त्रं वाचली, ती अक्षरं बायबल छापणाऱ्या छापखान्यात शिकलेल्या हातांनी घडवली! त्याआधी गणपत कृष्णाजींनीही मिशनच्या छपाईवरून धडा घेऊन आपला छापखाना उभारला आणि पंचांग छापलं. दोघेही हिंदूच राहिले. धर्माचा शिष्य करायला निघालेल्या मिशनला कसबाचे शिष्य लाभले.

अशीच दुसरी वाट सिंथिया फरारबाईंची. १८२७ मध्ये त्या मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याचं मनावर घेतलं. फुले ख्रिस्ती झाले नाहीत, पण शाळेचं बी नगरहून पुण्याला गेलं.

कोर्टाने दिलेली मुदत

धर्मांतर केलेल्याच्या घरात त्या काळी काय उलथापालथ होत असे, हे सांगितल्याशिवाय गोष्ट खोटी ठरेल. १८३९ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि शाळा ओस पडली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टाने त्याला घरच्यांच्या हवाली केलं. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं की नाही यावर ब्रह्मवृंदात रणकंदन माजलं. घ्यावं म्हणणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले बाळशास्त्री जांभेकर. एका पोराच्या निमित्ताने सगळा समाज स्वतःला विचारत होता: बाहेर गेलेलं माणूस परत येऊ शकतं का?

धर्म बदलला म्हणून वारसा जाऊ नये, असा कायदा १८५० साली झाला. १८६६ च्या कायद्यात तर फार विलक्षण तरतूद होती. एकाने ख्रिस्ती धर्म घेतला आणि त्यामुळे जोडीदार नांदायला येईना, तर कोर्टाने लगेच काडीमोड द्यायचा नाही. खटला वर्षभर तहकूब ठेवायचा. निकाल द्यायचा तो त्यानंतर. मन वळायला, निदान स्वतःचं मन कळायला वेळ लागतो, हे रुक्ष कायद्यालाही उमगलं होतं.

बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. तीन वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं, विधवांच्या दुःखावरचं, मराठीतल्या पहिल्या कादंबऱ्यांत गणलं जाणारं पुस्तक. आत्मचरित्र मात्र १८८८ मध्ये आलं, बाप्तिस्म्यानंतर चौतीस वर्षांनी. नाव दिलं ‘अरुणोदय’. या नावावर मी पुन्हा पुन्हा अडतो. दिवा लागला असं ते म्हणत नाहीत. पहाट कधी झाली याचं नेमकं मिनिट कोणाला सांगता येतं? अंधार होता, मग झाडं दिसू लागली.

दोनदा झालेलं धर्मांतर

पंडिता रमाबाईंची पहाट दोनदा झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. इंग्लंडातल्या भगिनींना मात्र वेगळाच धक्का बसत होता. ही बाई ऐकून घेत नाही! सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई प्रत्येक मताला पुरावा मागतात. क्रुसावरची अक्षरं लॅटिन का, संस्कृत का नकोत, असंही विचारतात. सगळं आयुष्य पुराणं सांगत हिंडलेल्या, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या या बाईला धर्म बदलायचा होता, अक्कल गहाण टाकायची नव्हती.

पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठ वर्षं गेली. या आठ वर्षांत त्या अमेरिका फिरून आल्या आणि १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदासदन’ काढून बसल्या. म्हणजे जग ज्यांना ‘बाटलेली’ म्हणून दूषणं देत होतं, त्या स्वतःच्या हिशेबात अजून वाटेवर होत्या.

मग दुष्काळ आले. मुलींनी भरलेल्या बैलगाड्या, रेल्वे आणि केडगावचं ‘मुक्ती’ मिशन. आणि शेवटची अठराएक वर्षं एक अचाट उद्योग: हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणणं. जुनं भाषांतर पंडिती होतं, केडगावच्या खेडवळ मुलींना ते झेपत नव्हतं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि त्यांचं भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झालं. ज्या विदुषीच्या जिभेवर संस्कृत नाचत होतं, ती उतारवयात निरक्षर मुलींच्या मराठीची शिष्या झाली. ‘शिष्य’ या शब्दाचा यापेक्षा मोठा अर्थ मला माहीत नाही.

एका घरात दोन चुली

आता परत टिळकांच्या घरी जाऊ, कारण ही लांब वाट सर्वांत जवळून तिथेच दिसते. दाखवतात लक्ष्मीबाई, १९३४ पासून चार भागांत आलेल्या ‘स्मृतिचित्रे’मधून.

टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या, पदरी लहान मुलगा. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला, अशी ती अवस्था. नातेवाइकांकडे दिवस काढले. काही वर्षांनी त्या टिळकांकडे आल्या त्या सोवळं सोबत घेऊन. वेगळी चूल, वेगळं पाणी, विटाळ कटाक्षाने पाळायचा. टिळक भावनेच्या भरात आकाशपाताळ एक करणारे. त्यांनी बायकोला हुकूम सोडला असता तर त्या काळी कोणाला नवल वाटलं नसतं. त्यांनी वाट पाहिली.

आणि सोवळं एक दिवस आपोआप गळालं. प्रवचनाने नाही, विचाराने. देवाने माणूस केला, जात माणसाने केली, हे लक्ष्मीबाईंना आतून पटलं आणि पटल्यावर त्यांनी अर्धवट काही ठेवलं नाही. हे झालं बाप्तिस्म्याच्या आधी. बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये. म्हणजे इथे क्रमच उलटा झाला: शिष्यपण आधी, पाणी नंतर. अगदी जेमतेम अक्षरओळख असलेल्या या बाईने नंतर टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केलं आणि मराठीतलं सर्वांत खळखळून हसवणारं आत्मचरित्र लिहिलं. विटाळाच्या भीतीवर स्वतःच हसणारी ती पानं वाचताना कळतं, की तिचं मन कधी बदललं याची खूण पश्चात्तापाच्या अश्रूंपेक्षा या हसण्यात जास्त स्पष्ट आहे.

याच घरात बालकवी ठोंबरे राहिले, लक्ष्मीबाईंच्या हातचं जेवले, लेकरासारखे वाढले. ते हिंदूच राहिले. त्या घरात येशूचं नाव चोवीस तास होतं, जबरदस्ती एक मिनिटही नव्हती.

गावकुसाबाहेरची शाळा

ब्राह्मणांची धर्मांतरं गाजली, कारण लिहिणारे तेच होते. संख्या मात्र दुसरीकडे होती: नगर जिल्ह्यातल्या, मराठवाड्यातल्या महार-मांग वस्त्यांत. १८७६ आणि नंतर शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळांत मिशनच्या दाराशी रांगा लागल्या. भाकरीसाठी आले की देवासाठी, ही शंका बाहेरच्यांना होती तशी खुद्द मिशनऱ्यांनाही होती. पण ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नाही, त्याच्या बाबतीत भाकरी, मान आणि देव यांची वाटणी कोण करणार? रात्री कंदिलाच्या उजेडात बाराखडी शिकवणारा, रविवारी तिथेच उपासना घेणारा मास्तर हाच अशा वस्तीचा खरा गुरू. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी तर ‘बेथेल’ नावाचं अख्खं गाव वसवलं. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तन ख्रिस्ती केलं. चर्चच्या आतही जात शिल्लक राहिली, हे खरंच. पाण्याने ती धुतली गेली नाही. ती घासून काढायचं काम अजून चालू आहे.

वेळेचा हिशेब मांडायचाच तर मराठी मुलखातलं सर्वांत मोठं धर्मांतर आठवावं. ते ख्रिस्ती नव्हतं. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात. मधे एकवीस वर्षं वाचन, तुलना, विचार. दीक्षेबरोबर त्यांनी लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि मागे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ ठेवून दोन महिन्यांच्या आत ते गेले. ‘आता वाचायचं काय?’ हा साष्टीतल्या त्या ब्राह्मणाचा प्रश्न त्यांनी आधीच ओळखला होता.

पुलावरून दोन्हीकडे

टिळक म्हणत, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. हे ऐकून काही मिशनऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण पूल असतो तो दोन्ही बाजूंनी चालण्यासाठी.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून शेजारी बसणार होते. बावीस वर्षांपूर्वी ज्या पाण्याच्या रेघेसाठी त्यांनी घर, जात, बायको-मूल सगळं पणाला लावलं होतं, तीच रेघ त्यांनी दारातून पुसून टाकली. दरबार नीट भरण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. तरी त्यांची भजनं ‘उपासनासंगीता’त राहिली आणि मराठी मंडळ्यांबरोबर वाशी-नेरूळपर्यंत आली.

आणि पुलावरून उलटा आलेला माणूस? तो होता डॉ. जस्टिन अ‍ॅबट, टिळकांच्या धर्मांतराच्या काळात मुंबईत असलेला अमेरिकन मराठी मिशनचा मिशनरी. अनेक वर्षं मराठी माणसांना ख्रिस्ताकडे बोलावून तो निवृत्त झाला आणि अमेरिकेत न्यू जर्सीतल्या समिट गावी जाऊन राहिला. तिथे त्याने उरलेलं आयुष्य एका कामाला दिलं: महाराष्ट्राच्या संतांना इंग्रजीत नेणं. भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास, एकेक पुस्तक येत गेलं. १९३२ साली तो वारला तेव्हा महिपतीच्या ‘भक्तविजया’चं भाषांतर छापून यायचं बाकी होतं. ते त्याच्या मागे आलं.

धर्म त्याने बदलला नाही. पण महिपतीची ओवी न् ओवी उलगडत बसलेल्या त्या म्हाताऱ्याला मिशनरी म्हणायचं की शिकाऊ, हे मला ठरवता येत नाही. राजनांदगावच्या गाडीतला तो अनोळखी गृहस्थ पुस्तक देऊन उतरून गेला. अ‍ॅबट उतरला नाही. तो शेवटच्या स्टेशनापर्यंत बसून राहिला, मांडीवर आपलंच पुस्तक घेऊन.